लेणं, फट आणि झरा: मुंबईच्या जमिनीखालच्या संधिपादांच्या प्रकल्प नोंदी

23 जून 2024

विषय कागदावर आला: ‘मुंबईतील लेण्यांमधले संधिपाद प्राणी आणि त्यांचं अंधाराशी जुळवून घेणं’. संधिपाद म्हणजे सांधेदार पायांचे प्राणी: कीटक, कोळी, गोमी, खेकडे वगैरे. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वाचून ‘जुळवून घेणं’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. म्हणाल्या, “अंधारात सापडला म्हणून प्राणी अंधाराचा होत नाही गं. आधी ते वेगळं करायला शीक, मग वहीत लिही.”

म्हणून आधी वर्गवारी. 1854 मध्ये शिनर या ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञाने गुहेतल्या प्राण्यांचे गट पाडले, आणि 1907 मध्ये रुमानियाच्या एमिल राकोवित्सा यांनी ते घासूनपुसून पक्के केले. पहिले पाहुणे: दिवसा निवाऱ्याला येतात, खायला बाहेर जातात, जसं वटवाघूळ. दुसरे, आतही पिढ्या काढतात आणि बाहेरही जगतात. तिसरे, जे आतच जन्मतात, आतच मरतात आणि बाहेर टिकूच शकत नाहीत. या तिसऱ्यांना ट्रोग्लोबाइट म्हणतात. मी वहीत पाहुणे, भाडेकरू आणि मूळ रहिवासी असं लिहून ठेवलंय. प्रबंधात हे शब्द चालणार नाहीत, पण फील्डवर लिहायला सोपे आहेत.

मूळ रहिवाशांची लक्षणं जगभर सारखी: डोळे लहान किंवा नाहीसे, रंग गेलेला, पाय आणि मिशा लांब, अंडी कमी पण मोठी, उपाशी राहायची ताकद जास्त. पहिला असा कीटक स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत 1831 मध्ये लुका चेच या दिवे लावणाऱ्या माणसाला सापडला. दुसऱ्या वर्षी फर्डिनांड श्मिट यांनी त्याला ‘लेप्टोडायरस’ नाव दिलं, म्हणजे बारीक मानेचा. हे प्राणी ओळखण्याचं शास्त्र एका दिवेवाल्याच्या नजरेपासून सुरू झालं, हे मला फार आवडलं.

30 जून

आपल्याकडची जुनी कामं वाचतेय. स्टॅन्ली केंप आणि बी. चोप्रा हे प्राणिशास्त्रज्ञ 1922 मध्ये मेघालयातल्या गारो टेकड्यांतल्या सिजू गुहेत उतरले आणि 1924 मध्ये त्यांनी अहवाल छापला. शंभरावर जाती नोंदवल्या, पण खरे मूळ रहिवासी त्यात थोडेच. छत्तीसगडच्या कोटमसर गुहेत ‘केंपिओला शंकरी’ नावाचा रातकिडा आहे, त्याच्या वंशाला नाव याच केंप यांचं.

पण सिजू काय, कोटमसर काय, दोन्ही चुनखडीच्या. पाण्याने चुना विरघळवून लाखो वर्षांत कोरलेल्या. आमच्या इथे चुनखडी नाही, सगळा लाव्हा.

14 जुलै

कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांची पहिली फेरी. बोरिवलीच्या गेटमधून बस मिळाली. पाऊस असा की चष्म्याचा उपयोग नाही. इथे पकडायचं काही नाही, फक्त बघायचं, मोजायचं, फोटो काढायचे. राष्ट्रीय उद्यानातला प्राणी उचलायला वनखात्याची परवानगी लागते आणि लेण्याच्या भिंतीला तर बोटही लावायचं नाही. ते योग्यच आहे.

तीन लहान विहार, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या कोरीव खोल्या, निवडले, वर्दळीपासून लांबचे. प्रत्येकात चार ठिकाणी मोजमाप: दारात, मध्यावर, मागच्या भिंतीशी आणि भिंतीतल्या फटीत. उजेड लक्समीटरने, हवेतली ओल हायग्रोमीटरने.

ओल बाहेर 93 टक्के, मागच्या भिंतीशी 94. वहीत लिहिलं, पण समाधान झालं नाही. जुलैत अख्खी मुंबईच गुहेसारखी ओली असते. या आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही. हेच मोजमाप थंडीत पुन्हा घ्यायचं.

मग तिसऱ्या विहारात, ओट्याच्या वरच्या फटीत, लाल टॉर्चच्या उजेडात तो दिसला. कोळी नव्हे, विंचूही नव्हे. तळहाताएवढा पसरलेला, चपटा, दगडाला कागदासारखा चिकटलेला. पायांची पहिली जोडी चाबकाच्या वादीसारखी लांब आणि बारीक. तिच्यावर तो चालत नाही, तिने चाचपतो. मी श्वास सोडला तसा त्यातला एक पाय सावकाश माझ्या दिशेला वळला. डोळ्यांनी नव्हे, त्या पायाने तो मला ‘बघत’ होता. पंधरा मिनिटं तिथेच उभी राहिले.

ऍम्ब्लिपिजी गणातला, म्हणजे कोळी-विंचवांच्या नात्यातला, बहुधा फ्रायनिकस वंशातला. याच वंशातल्या एका जातीला पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1894 मध्ये ‘फिप्सोनाय’ नाव दिलं. फिप्सन हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तेव्हाचे सचिव. 1883 मध्ये स्थापन झालेली ती सोसायटी आज फोर्टात लायन गेटजवळ आहे.

याला आठही डोळे आहेत आणि रंगही काळपट तपकिरी. म्हणजे भाडेकरू. पण त्या पायांकडे बघून एक गोष्ट समजली. गुहेत शिरण्याआधीच काही प्राण्यांकडे गुहेची तयारी असते. दगडांच्या सांदीत, पालापाचोळ्याखाली, रात्री जगणाऱ्यांना अंधार नवा नसतो.

28 जुलै

दुसरी फेरी. लांब पायांची गोम 4, रातकिडे 11, फिकट कोळी 3, वटवाघळांच्या लेंड्यांत छोटे भुंगेरे आणि माइट्स (कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव). लेंड्यांच्या ढिगाजवळ एन 95 मास्क लावूनच जायचं, त्यात हिस्टोप्लाझ्मा बुरशीचा धोका असतो. रातकिड्यांच्या मिशांचं अंगाच्या लांबीशी प्रमाण फोटोवरून काढलं. खास काही नाही, बाहेरच्या रातकिड्यांइतकंच. सगळ्यांना डोळे आहेत.

17 ऑगस्ट

तीन आठवडे मनात घोळणारी गोष्ट आज लिहून काढते.

आपण ‘गुहा’ आणि ‘लेणं’ हे दोन वेगळे शब्द वापरतो आणि ते अगदी योग्य आहेत. गुहा झालेली असते, लेणं केलेलं असतं. कान्हेरीचे विहार छिन्नीने कोरताना माणसाला आत उजेड आणि हवा हवी होती. म्हणून दार मोठं, खोली उथळ, मागच्या भिंतीवरही दुपारी वाचता येईल इतका प्रकाश. जे भिक्षूंच्या सोयीचं, ते अंधारातल्या प्राण्याच्या गैरसोयीचं. शिवाय वयाचा प्रश्न आहेच. दोन हजार वर्षं आपल्या हिशेबाने प्रचंड, पण डोळे नाहीसे व्हायला सहसा खूपच जास्त पिढ्या लागतात.

मग माझा विषय संपला का? महिनाभर मला तसंच वाटत होतं. पण फ्रान्सिस हॉवर्थ या गुहेतल्या कीटकांच्या अभ्यासकाचं काम वाचलं आणि दिशा मिळाली. तोपर्यंत बहुतेकांचा समज असा की मूळ रहिवासी म्हणजे थंड प्रदेशातल्या चुनखडीच्या गुहांचीच मिरास. लाव्हाच्या नळ्या (लाव्हा वाहून गेल्यावर मागे उरलेले बोगदे) फार तरुण, उष्ण कटिबंध फार सुखाचा, तिथे कोण कशाला अंधारात अडकेल? 1971 मध्ये हॉवर्थ यांना हवाई बेटावरच्या लाव्हा-नळ्यांमध्ये आंधळे, फिकट कीटक सापडले. कवाई बेटावर तर एक लांडगा-कोळी आहे, ‘ॲडेलोकोसा ॲनॉप्स’. त्याचे भाऊबंद मोठ्या डोळ्यांसाठी प्रसिद्ध, आणि याला डोळेच नाहीत.

हॉवर्थ यांचा मुद्दा असा की माणूस मावेल ती पोकळी म्हणजे गुहा, ही व्याख्या माणसाची. पाच मिलिमीटरच्या प्राण्याला खडकातल्या फटी हेच खरं घर. तिथे काळोख पूर्ण असतो आणि हवा ओलीचिंब. गुहा म्हणजे त्या फटींच्या जाळ्यात आपल्याला मिळालेली एक खिडकी. 1980 मध्ये फ्रान्सच्या जुबर्ती यांनीही दाखवलं की डोंगरउतारावर मातीच्या खाली, सैल दगडांच्या थरातही असे प्राणी राहतात, गुहा जवळ नसली तरी.

आणि आमचा दख्खनचा लाव्हा तरुण नाही. 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपासचा आहे आणि तडे गेलेला आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली की त्या उभ्या खांबांमधल्या चिरा रस्त्यावरूनही दिसतात.

तर लेण्यात बघायचं ते लेणं नाही, लेण्यातली फट.

8 सप्टेंबर

मावशीकडचा दीड दिवसाचा गणपती. जोगेश्वरी पूर्वेला तिच्या चाळीच्या मागे विहीर आहे, खडकात खोदलेली, वर लोखंडी झाकण आणि जाळी. आरती झाल्यावर काकांना विचारलं, पाणी कुठून येतं? ते म्हणाले, “दोन झरे आहेत. एक पूर्वेकडचा, तो मे महिन्यातही आटत नाही. दुसरा पावसाळी. मी लहान असताना गाळ काढायला उतरायचे, तेव्हा हात लावून बघितलाय. चिरेतून येतं, बर्फासारखं.”

चिरेतून! काका ज्याला झरा म्हणतात तीच माझी फट. वरच्या बाजूने लेणं ही खिडकी, तशी खालून विहीर.

आणि हे नुसतं कल्पनेतलं नाही. जोगेश्वरीतच पश्चिमेला, अंध मुलांच्या शाळेच्या आवारातल्या विहिरीत एक आंधळा, लालसर, वामेसारखा मासा सापडला आणि 2019 मध्ये ‘रक्तामिक्थिस मुंबा’ या नावाने त्याचं वर्णन झालं. नाव मुंबाआईवरून. डोळे नाहीत, खवले नाहीत, पर नाहीत. जमिनीखालच्या पाण्यात एवढा मासा जगतोय, म्हणजे त्याच्या ताटात काहीतरी असणारच. ते ताट म्हणजे माझे संधिपाद.

रात्रीच मॅडमना फोन केला. विषयात बदल हवा म्हटलं. त्या एवढंच म्हणाल्या, “आधी जाळं शिव.”

29 सप्टेंबर

जाळं तयार. स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात ती नायलॉनची बारीक जाळी आणली, आईने शंकूच्या आकारात शिवली. तोंडाला स्टीलची कडी, टोकाला झाकणाची बाटली, खाली शिशाचं वजन. आईने शिवण दुहेरी घातली, “नाहीतर तुझे किडे टाक्यांतून निसटतील.” खरंच निसटले असते.

6 ऑक्टोबर

पहिली खेप. जाळं तळाला टेकेपर्यंत सोडायचं, चार-पाच वेळा हलकेच आपटून गाळ उठवायचा, मग सावकाश, न थांबता वर. असं दहा वेळा. पाण्याचं तापमान 27 अंश. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान साधारण त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं, मुंबईला ते जुळतं.

पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं आणि सायक्लॉप्सच सायक्लॉप्स, खेकड्या-कोळंबीच्या नात्यातले पाण्यातले इवले संधिपाद. झटके देत पोहणारे ठिपके, भिंगाखाली कपाळावर एक लाल डोळा.

शेजारच्या आजी बघायला आल्या. मी म्हटलं, याच किड्यातून पूर्वी नारू व्हायचा, अंगातून दोऱ्यासारखी अळी निघायची तो रोग. त्यांनी लगेच सांगितलं की गावाला त्यांची सासू दुपदरी धडक्यातून पाणी गाळल्याशिवाय हंडा भरू द्यायची नाही. कापडाने सायक्लॉप्स अडतो, नारूची साखळी तिथेच तुटते. नारू निर्मूलनाच्या मोहिमेत हेच गाळणं घरोघर शिकवलं गेलं आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आजींच्या सासूबाईंचं धडकं आणि माझं जाळं यांचं काम एकच आहे.

13 ऑक्टोबर

अंधेरीतली दुसरी विहीर, उघडी. डास होऊ नयेत म्हणून त्यात गप्पी मासे सोडलेले. दहा खेपांत फक्त शेवाळ आणि दोन ऑस्ट्राकॉड (शिंपल्यासारख्या कवचातले इवले संधिपाद). गप्पींनी बाकी सगळं फस्त केलेलं असणार.

मुंबईच्या विहिरींचा इतिहास डासांशी बांधलेला आहे. 1911 मध्ये बेंटली या हिवतापाच्या तज्ज्ञाने मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला. ॲनॉफिलिस स्टीफन्साय हा डास विहिरींत वाढतो हे त्यात आलं आणि पुढे कितीतरी विहिरी बुजवल्या, झाकल्या गेल्या. माणसं वाचली, त्याबद्दल दुमत नाही. पण झाकलेल्या विहिरीत अंधार राहिला आणि मासे सोडायची गरज पडली नाही. मावशीची विहीर तशीच आहे. ही विहीर यादीतून काढते आणि झाकणवाल्याच शोधते.

10 नोव्हेंबर

मावशीची विहीर, तिसरी खेप. पावसाळी झरा बंद झाल्याने तळाचा गाळ आता पूर्वेच्या झऱ्याजवळचा. प्रयोगशाळेत अल्कोहोलमधल्या बाटल्या तपासताना एक निराळाच दिसला. सायक्लॉप्ससारखा नासपतीच्या आकाराचा नाही, लांबट, दोऱ्याच्या तुकड्यासारखा, अर्धा मिलिमीटरही नाही. पूर्ण पांढरा. डोळा नाही!

हात थरथरत होते. हार्पॅक्टिकॉइड गटातला वाटतो, म्हणजे सायक्लॉप्सचाच भाऊबंद, पण सरपटणारा. रंगा रेड्डी या प्राणिशास्त्रज्ञाने आंध्रातल्या नद्यांच्या वाळूतून आणि भूजलातून असे कितीतरी नवे प्राणी जगापुढे आणले. त्यांच्या चित्रांशी रात्री दोनपर्यंत ताडून बघत बसले.

12 नोव्हेंबर

मॅडमनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, “जिवंत असताना बघितलास?”

नाही. विहिरीवरच सगळं अल्कोहोलमध्ये ओतलं होतं.

“मग डोळा नव्हता की अल्कोहोलने घालवला, हे तू कसं सांगशील?”

त्या लाल ठिपक्याचा रंग अल्कोहोलमध्ये विरतो, हे मला माहीत असायला हवं होतं. शिवाय बाटलीवरचं लेबल मी बॉलपेनने लिहिलेलं. अल्कोहोल सांडून शाई पसरली, कितवी खेप तेही वाचता येईना. मॅडमनी टेबलावरची पेन्सिल माझ्यासमोर सरकवली. पेन्सिल अल्कोहोलला दाद देत नाही, आणि चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकायची.

घरी येताना ट्रेनमध्ये फार वाईट वाटत होतं. नमुना गेला याचं नाही. दोन दिवस मी स्वतःलाच ‘सापडलं’ असं सांगत होते, त्याचं.

19 नोव्हेंबर

पडताळा घेतला. ठळक लाल डोळ्याचे 20 सायक्लॉप्स जिवंत पाहून, फोटो काढून मग अल्कोहोलमध्ये ठेवले होते. आज सातवा दिवस. 17 जणांचा डोळा दिसत नाही, तिघांचा पुसटसा. प्रबंधात ही नोंद जाणार. पुढच्याला उपयोगी पडेल.

22 डिसेंबर

थंडीतली कान्हेरी. तेच तीन विहार, तेच चार बिंदू.

बाहेर ओल 41 टक्के. मागच्या भिंतीशी 52. आणि फटीत, हातभर आत सरकवलेल्या प्रोबवर 88.

जुलैत जे आकडे मुके होते ते आता बोलायला लागले. विहाराची खोली बाहेरच्या हवेबरोबर सुकते, फट सुकत नाही. गुहेचं हवामान लेण्यात नाही, लेण्याच्या भिंतीत आहे. रातकिडे 11 होते, आज दोनच दिसले. चाबूक-पायांचा तो भाडेकरू जुन्या जागी नव्हता. टॉर्च तिरका धरला तेव्हा फटीत खूप आत त्या एका बारीक पायाचं टोक दिसलं, हळूहळू हलणारं. तोही ओलीमागे आत गेलाय.

परत येताना एका पोढीपाशी थांबले. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत लेण्यांबरोबर पोढ्यांच्या दानाचेही उल्लेख आहेत. पाणी साठवायला दान देणाऱ्यांनी नकळत किती जीवांना जागा करून दिली असेल. परवानगीचा अर्ज पुढच्या वर्षासाठी लिहायला घेते, पोढ्यांतल्या गाळासाठी.

12 जानेवारी 2025

मावशीची विहीर. या वेळी सूक्ष्मदर्शक बरोबर नेला, चाळीच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, काकांनी एक्स्टेन्शन बोर्ड ओढून दिला. नियम एकच: जिवंत पाहिल्याशिवाय अल्कोहोलची बाटली उघडायची नाही. दहा खेपा, पाच तास. सायक्लॉप्स, ऑस्ट्राकॉड, एक माइट. तो लांबट प्राणी नाही.

2 फेब्रुवारी

पुन्हा तीच विहीर. पाणी खाली गेलंय, त्यामुळे पूर्वेच्या झऱ्याचं तोंड वरून टॉर्चमध्ये दिसतं, दगडातली काळी आडवी चीर. काकांनी बांबूला बांधून जाळं थेट तिच्या खाली धरलं आणि अर्धा तास हलवलं नाही. “झऱ्याचं पाणी घ्यायचंय ना, मग विहीर कशाला ढवळतेस?” पाच महिन्यांत मला हे सुचलं नव्हतं.

बाटलीत चमचाभर वाळू आली. चौथ्या थेंबात तो होता. पोहत नव्हता, वाळूच्या दोन कणांमध्ये अंग वळवत सरपटत होता, कण बाजूला सारून पुढे. पारदर्शक, आतलं आतडं दिसतंय. कपाळाच्या जागी काहीही नाही. उजेड वाढवला, कमी केला, खालून दिला, बाजूने दिला. लाल ठिपका नाही. मावशीला बोलावून तिला बघायला लावलं, डोळा कुठे दिसतो का सांग म्हटलं. तिने बराच वेळ बघून मान हलवली. सातव्या थेंबात दुसरा, अकराव्यात तिसरा. तिघांचे व्हिडिओ घेतले, प्रत्येकी दोन मिनिटांचे.

ठेवण हार्पॅक्टिकॉइडांपैकीच पॅरास्टेनोकॅरिडिडी कुळाशी जुळते. त्यापुढचं नाव मी लिहिणार नाही, त्याचे पाय सुटे करून तज्ज्ञांनी बघेपर्यंत.

मग अल्कोहोलची बाटली उघडली आणि आत टाकायच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं: जोगेश्वरी पूर्व, विहीर 1, पूर्वेचा झरा, 2 फेब्रु. 2025, नग 3, जिवंत पाहिले, डोळा नाही.